उखडलेली प्रिंट

मंडळी, जुना व्हॉल्व्हचा रेडिओ कधी उलटा करून बघितलाय? पत्र्याच्या चासीखाली नुसता वायरींचा गुंता असतो. पण त्या गुंत्यात एक मोठी सोय होती. एखादा कंडेन्सर गेला (पुस्तकात कपॅसिटर, पण आपले मेकॅनिक अजून कंडेन्सरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार), तर धातूच्या टॅगला गुंडाळलेले त्याचे पाय गरम करून सोडवायचे आणि नवीन लावायचा. मेकॅनिकचा हात जड असला तरी फार तर शेजारच्या वायरचं आवरण जळायचं. टॅग काही उखडून हातात येत नसे.

सर्किट बोर्ड आला आणि ही सोय गेली. आता कंडेन्सर किरकोळ किमतीचा, पण तो बदलताना घाई केली की सगळा बोर्ड बाद. हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे.

पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनियर, जन्म १९०७चा. तिथे असताना नियतकालिकांच्या निमित्ताने त्याचा छपाईशी संबंध आलेला. १९३६ साली तो इंग्लंडला निघून गेला. वायरी एकेक करून जोडण्यापेक्षा सर्किट छापूनच का काढू नये, ही त्याची कल्पना. पट्टीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, हवा तेवढा भाग शाईने झाकायचा आणि बाकीचं तांबं रसायनात विरघळवून टाकायचं. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पन्नाशीच्या दशकात असे बोर्ड घराघरातल्या रेडिओत शिरले. आपल्याकडचे टीव्ही मेकॅनिक ट्रॅकला 'प्रिंट' म्हणतात ना, तो शब्द अगदी मुळाला धरून आहे.

पण छपाई म्हटली की कागदाला शाई चिकटते तेवढ्याच नात्याने पट्टीला तांबं चिकटणार. नेहमीच्या बोर्डवर हे तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं असतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. ते धरून ठेवतो तो रेझिन. साध्या काचतंतूच्या बोर्डचा रेझिन १३०-१४० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. कथील-शिशाचं सोल्डर वितळतं १८३ अंशांना, आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक असतं साधारण ३५० अंशांवर. म्हणजे सोल्डर वितळेपर्यंत खालची पकड सैल झालेलीच असते! काम चटकन उरकलं तर ठीक, नाहीतर पॅड तरंगायला लागलाच म्हणून समजा.

पुढे साठच्या दशकात बोर्डच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा द्यायची पद्धत रुळली आणि मग बोर्डला अनेक थर आले. भोकातली ही तांब्याची नळी साधारण २५ मायक्रॉन जाडीची, आणि वरचा, खालचा आणि आतला थर जोडण्याची जबाबदारी तिच्यावर. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड या नळीची आहे.

आता येऊ २००० सालाच्या आसपास. मदरबोर्डवरचे कंडेन्सर वर्षा-दोन वर्षांत फुगायला लागले. त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, ती आतला दाब वाढला की फाटावी म्हणूनच ठेवलेली. तिथून तपकिरी द्रव बाहेर यायचा. आतल्या द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त होतं आणि अ‍ॅल्युमिनियमवर पाण्याचा परिणाम होऊ नये म्हणून जी द्रव्यं घालावी लागतात त्यांत खोट होती, त्यामुळे हायड्रोजन वायू तयार व्हायचा. चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्याची एक चटकदार कथा तेव्हा छापून आली होती: जपानमधून चीन, चीनमधून तैवान. कथा छान आहे, पण तिने सगळं उलगडत नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मशीनमध्ये निचिकॉन या जपानी कंपनीचे कंडेन्सर होते, आणि तेही गेले. डेलने २००५ साली या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. पुढे एका खटल्यातली कागदपत्रं २०१० साली बाहेर आली, त्यात मे २००३ ते जुलै २००५ दरम्यान विकलेल्या अशा मशीनचा आकडा निघाला १ कोटी १८ लाख.

कंपन्यांनी बोर्ड बदलून दिले ते काही जणांना. बाकीच्यांनी स्वतः आयर्न हातात घेतलं किंवा गल्लीतला रेडिओ-टीव्हीवाला गाठला. आणि इथे इतिहास आडवा आला. टीव्हीचा बोर्ड एकाच बाजूला प्रिंट असलेला, त्यावर २५ वॅटचं आयर्न पुरतं. मदरबोर्ड चार थरांचा. कंडेन्सरचा निगेटिव्ह पाय आतल्या ग्राउंडच्या सलग तांब्याला जोडलेला, आणि ते तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. खालून सोल्डर वितळल्यासारखं दिसतं, पण भोकाच्या मध्यभागी ते घट्टच असतं. मेकॅनिक कंडेन्सर डावी-उजवीकडे हलवतो, जोर लावतो आणि पाय निघतो. त्या पायावर मोज्यासारखी चढलेली असते ती तांब्याची नळी.

खरी गंमत (गंमत कसली!) इथून पुढे आहे. नवा कंडेन्सर खालून सोल्डर केला की दिसायला काम झकास. पण आतल्या थराशी संबंध तुटलेला. प्रोसेसरजवळ असे बरेच कंडेन्सर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक-दोन लटके असले तरी मशीन सुरू होतं आणि लोड आला की मान टाकतं. कंडेन्सर खराब असताना हेच व्हायचं! त्यामुळे दोष जातो नव्या कंडेन्सरवर, 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणून. मग तो काढून आणखी एकदा बदलायचा, म्हणजे उरलेलं तांबंही जाणार. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, फक्त इथे अनडू नाही. जुलै २००६ पासून युरोपात शिशावर बंदी आल्यावर बिनशिशाचं सोल्डर सगळीकडे पसरलं. ते वितळायला आणखी तीसेक अंश जास्त लागतात, म्हणजे काम आणखी अवघड.

दुरुस्ती होते का? बहुतेक वेळा होते, पण धीर लागतो. अमेरिकन नौदलात तर अशा बारीक दुरुस्तीचा रीतसर कार्यक्रम आहे, आणि आयपीसी या संस्थेच्या मानकात उचललेला पॅड, तुटलेला ट्रॅक, खराब भोक यांच्यासाठी वेगवेगळ्या कृती दिल्या आहेत. आधी मल्टिमीटर घेऊन बसायचं आणि तो पाय कुठेकुठे जोडलेला होता ते शोधायचं. पॉझिटिव्हची जोडणी बऱ्याचदा वरच्या किंवा खालच्या थरावर दिसते. तिथला हिरवा रंग हलक्या हाताने खरवडायचा, तांबं उघडं झालं की त्यावर सोल्डर चढवायचं आणि कंडेन्सर किंचित उंच ठेवून त्याचा पाय दोन्ही बाजूंनी जोडायचा. निगेटिव्ह आतल्या थरात गेला असेल तर शेजारच्या शाबूत कंडेन्सरचा निगेटिव्ह पाय गाठायचा आणि तिथपर्यंत जंपर मारायचा.

जंपर बारीक आणि लांब नको. सिग्नलच्या ट्रॅकला केसासारखी वायर चालते, पण इथे करंट मोठा आणि तोही वेगाने बदलणारा. वायर लांबली की तिचं इंडक्टन्स वाढतं आणि कंडेन्सर असून नसल्यासारखा. जाड, आखूड तांबं घ्यायचं आणि वर इपॉक्सीचा ठिपका द्यायचा, म्हणजे हलणार नाही.

आइस्लरने हाताने जोडायच्या वायरी घालवण्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि त्याचा बोर्ड जगवायला शेवटी हाताने जोडलेली वायरच लागते. दुकानदार अशी वायर बघून नाक मुरडतात, 'ओपन केलेला बोर्ड आहे' म्हणून भाव पाडतात. मला ते पटत नाही. कारखान्यातून नव्याने निघालेल्या कितीतरी जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डांवर, डिझाइनमधली चूक झाकायला, अशाच वायरी मारलेल्या असत. जंपर दिसतोय तर तो ओढून बघू नका. त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा, मग मशीनवर तासभर लोड टाका, आणि तेवढ्यात ते बंद पडलं नाही तर तो भाव न पाडता घ्या.