प्लेफेअराइट आणि त्याचे सोबती

सुरमा म्हणून जी काळसर, चकचकीत पूड बाजारांत मिळते, ती कधीं अँटिमनी व गंधक यांची असते, तर पुष्कळदां शिसें व गंधक यांची. नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाहीं. निसर्गांत हीं तिन्ही द्रव्यें एकाच खनिजांत एकवटतात, तेव्हां तर पारखीही चकतो. जर्मनींतील खाणींत सांपडणाऱ्या अशा करड्या, केसांसारख्या सुयांना पूर्वीं ‘पिसांचें धातुक’ असें एकच सरसकट नांव होतें. त्या नांवाखालीं निरनिराळीं खनिजें दडलीं आहेत, हें मागाहून उघड झालें.

कॅनडाच्या आँटेरिओ प्रांतांत, मेडॉक या लहान गांवाजवळ, शंभर कोटी वर्षांहून जुन्या संगमरवरांत एक लहानसा खड्डा खणलेला होता. या संगमरवराच्या भेगांतून कधीं काळीं उष्ण द्रव झिरपले आणि शिसें, अँटिमनी व गंधक मागें ठेवून गेले. जॉन जँबर या कॅनडियन खनिजशास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शक व क्ष-किरण यांच्या साहाय्यानें तेथील बारीक कण तपासले आणि १९६७ सालीं आठ नवीं खनिजें जगापुढें मांडलीं. शिसें कांहीं दुर्मिळ नव्हे, अँटिमनीही तितकें नव्हे. दुर्मिळ आहे तो त्यांच्या प्रमाणाचा आणि उष्णतेचा नेमका मेळ. प्लेफेअराइटचें प्रथम दिलेलें सूत्र पाहावें: शिशाचे १६, अँटिमनीचे १८ आणि गंधकाचे ४३ अणु. प्रमाण किंचित् ढळलें कीं शेजारचें दुसरेंच खनिज तयार होतें.

नांवें ठेवतांना जँबर यानें भूविज्ञानाचा इतिहासच चाळला. एडिंबरोचा जॉन प्लेफेअर हा मुळांत गणिताचा प्राध्यापक. त्याचा मित्र हटन यानें पृथ्वीच्या अफाट वयाचा सिद्धांत मांडला, परंतु इतक्या क्लिष्ट भाषेंत कीं तो वाचणारे थोडे. प्लेफेअरनें १८०२ सालीं तो सुबोध करून सांगितला नसता, तर हटनचा ग्रंथ किती दिवस अडगळींत पडला असता कोण जाणे! सॉर्बाइट हें नांव तर सर्वांत समर्पक. दगड व पोलाद घांसून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची वाट शेफील्डच्या सॉर्बीनें दाखविली, आणि हीं खनिजें त्याच वाटेनें हातीं लागलीं.

स्टेरी हंट यानें कॅनडाच्या भूगर्भ-पाहणी खात्यांत पंचवीस वर्षें काढलीं. त्याचा हक्क उघडच आहे. पण गेतार्डाइट ज्याच्या नांवाचें, त्या फ्रेंच गेतारनें कॅनडा कधीं पाहिलाही नव्हता. क्वेबेक येथील राजवैद्य गोतिए यानें धाडलेले दगड त्यानें फ्रान्समध्यें बसून तपासले, आणि १७५२ सालीं कॅनडाच्या खनिजांची स्वित्झर्लंडच्या खनिजांशीं तुलना करणारा निबंध नकाशासह सादर केला.