एका हायड्रोजनची जागा

फेब्रुवारी 1953, केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅब. जेम्स वॉटसन डीएनएमधल्या बेसेसच्या जोड्या लावत बसलाय आणि जोड्या काही जुळत नाहीयेत. ग्वानिनचा आकार त्याने पाठ्यपुस्तकातून उचललाय. आपण जुनं डॉक्युमेंटेशन वाचून कोड लिहितो ना, तसंच. त्याच ऑफिसात बसणारा जेरी डोनोह्यू म्हणाला, पुस्तकातलं चित्रच चूक आहे. हायड्रोजन ऑक्सिजनवर नाही, नायट्रोजनवर हवा. म्हणजे इनॉल नाही, कीटो रूप. वॉटसनने पुठ्ठ्याचे नवे तुकडे कापले आणि जोड्या जुळल्या.

अणू तेच, वजन तेच, फक्त एक हायड्रोजन इकडचा तिकडे. अशा रूपांना टॉटोमर म्हणतात.

डोनोह्यू बरोबर होता, पण ते स्फटिकातल्या गर्दीत. शेजारीपाजारी कुणी नसलेला, एकटा रेणू काय करतो? वजन करून हे कळणार नाही, कारण वजन सारखंच.

इथे दुसऱ्या महायुद्धातलं रडार कामी आलं. युद्धानंतर तीच मायक्रोवेव्ह उपकरणं प्रयोगशाळांत पोचली. वायूतला रेणू गरगर फिरतो आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीच शोषतो. हायड्रोजन सरकला की वजनाची वाटणी बदलते, फिरणं बदलतं, फ्रिक्वेन्सीही बदलते. शिवाय नायट्रोजनचं केंद्रक अगदी गोल नसतं. त्यामुळे प्रत्येक रेषा बारीक फाटते, आणि कशी फाटते यावरून त्या नायट्रोजनला काय चिकटलंय ते कळतं. मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

1989 मध्ये ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठात रोनाल्ड ब्राउन यांच्या गटाने सायटोसिन तापवून त्याच्या वाफेत तीन टॉटोमर ओळखले. ग्वानिन मात्र हट्टी. तापवलं की वाफ होण्याआधीच त्याची मोडतोड होते. 2009 मध्ये स्पेनच्या वायादोलिदमध्ये होसे लुईस आलोन्सो यांच्या गटाने तापवणंच टाळलं. घन ग्वानिनवर लेझरचा फटका मारला आणि उडालेले रेणू थंडगार वायूच्या झोतात सोडले. सापडले चार टॉटोमर: दोन कीटो आणि दोन चक्क इनॉल! म्हणजे डोनोह्यूने खोडलेलं रूप अगदीच काल्पनिक नव्हतं. पुढे 2013 मध्ये त्याच गटाने सायटोसिनची पाच रूपं दाखवली.

आणि हे फक्त चित्र बरोबर काढण्यापुरतं नाहीये हं. डीएनएची कॉपी होताना एखादा बेस क्षणभर दुर्मिळ टॉटोमरमध्ये गेला, तर जोडी चुकीची लागेल आणि म्युटेशन होईल, ही शंका वॉटसन आणि क्रिकनी 1953 मध्येच लिहून ठेवली होती.