मोजणाऱ्या यंत्राची आठवण पुसायची कशी?

आजच्या एपिसोडचा हिरो आहे ऑसिलोस्कोप. तुमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी लॅबमध्ये पाहिला असेल. सर्किटमधलं व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतंय हे पडद्यावर लाटेसारखं दाखवणारा डबा. त्याचा भाऊबंद म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर, सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते सांगणारा.

आता समजा, याच डब्यांनी तुम्ही लष्कराचं रडार तपासलंत. रडार कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्याचे पल्स किती लांबीचे आहेत, हेच तर गुपित असतं! आणि तेच तुम्ही यंत्रात सेव्ह करून ठेवलंय. शिवाय हे यंत्र लाखांच्या घरातलं. ते ठरावीक काळाने कॅलिब्रेशनला बाहेर जातं, बिघडलं तर दुरुस्तीला जातं, जुनं झालं की सेकंडहँड बाजारात जातं. म्हणजे फोडून टाकणं परवडत नाही आणि तसंच बाहेर देणंही परवडत नाही. या पेचातून वाट काढायला लोकांना पन्नासएक वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगतो.

सुरुवातीला काही अडचणच नव्हती. जुन्या ॲनालॉग स्कोपमध्ये आठवण नावाची चीजच नसायची. लाट दिसली, गेली. जपून ठेवायची असेल तर पडद्याला कॅमेरा लावून फोटो काढायचा. फोटो फाडला की काम झालं. मग १९६०च्या दशकात टेक्ट्रॉनिक्स कंपनीने स्टोरेज ट्यूबवाले स्कोप आणले. त्यांच्या पडद्यावरचा विद्युतभार टिकून राहायचा, त्यामुळे एकदा उमटलेली लाट तशीच दिसत राहायची. आणि समोर चक्क एक बटण असायचं: इरेझ. दाबलं की पडदा लख्ख उजळायचा आणि लाट गायब. पण तीच लाट फार वेळ ठेवली तर पुसल्यावरही तिची पुसट सावली मागे राहायची. पुसलेलं पुरतं पुसलं जात नाही, याची ही पहिली झलक म्हणा हवं तर.

खरी गुंतागुंत झाली ती डिजिटल यंत्रं आल्यावर. लाट आता आकड्यांच्या रूपात मेमरीत बसू लागली. साधी रॅम असेल तर वीज गेली की सगळं गेलं. पण वापरणाऱ्यांना तर सेटिंग टिकायला हवी होती. म्हणून यंत्रांत बॅटरीवर जगणारी रॅम आली. यात डॅलस सेमिकंडक्टरच्या चिप प्रसिद्ध होत्या, कारण लिथियमची बॅटरी चिपच्या प्लॅस्टिकमध्येच गाडलेली! प्लग काढा, यंत्र गोदामात वर्षानुवर्षं ठेवा, चिप काही विसरत नाही.

मग पुसून टाका की सगळं! इथेच तर गोची आहे. अशाच चिपमध्ये यंत्राचं कॅलिब्रेशनही असतं, म्हणजे हे यंत्र नेमकं किती चुकतं आणि ती चूक कशी भरून काढायची याचे आकडे. ते पुसले तर गुपित जातं, पण यंत्रावरचा भरवसाही जातो. एचपीचा ३४५८ए हा साडेआठ अंकी मल्टिमीटर घ्या, प्रयोगशाळांचा लाडका. त्यात कॅलिब्रेशनची चिप वेगळी आणि वापरणाऱ्याने साठवलेल्या गोष्टींच्या चिप वेगळ्या. माझ्या मते हा फार शहाणपणाचा निर्णय होता. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे डिझाइन करतानाच ठरलेलं असलं की पुढचा अर्धा त्रास वाचतो.

टेक्ट्रॉनिक्सने तर आपल्या डिजिटल स्कोपमध्ये ‘टेकसिक्युअर’ नावाची सोयच दिली. ती चालवली की साठवलेल्या लाटांच्या जागी शून्यं भरली जातात, सेटिंग कारखान्यातल्यासारख्या होतात, आणि काम नीट झालं की नाही हे तपासून यंत्र पडद्यावर तसं सांगतं. कॅलिब्रेशनला मात्र हात लागत नाही.

पण लष्कर नुसत्या बटणावर थोडंच विश्वास ठेवणार! अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांसाठी १९९५ साली नियमपुस्तिका आली, ५२२०.२२-एम. हिचं नाव ‘तीन वेळा ओव्हरराइट करा’ या एका वाक्यासाठी घेतलं जातं. मला त्यातला तक्ता जास्त आवडतो. प्रत्येक प्रकारच्या मेमरीला वेगळा इलाज! साध्या रॅमची सगळी वीज तोडा, बॅटरीसकट. अतिनील प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या चिप कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या तिप्पट वेळ प्रकाशात ठेवा. आणि पडद्याची काचेची ट्यूब? तिच्यावर जळून उमटलेलं काही दिसतंय का ते तपासा, दिसलं तर ट्यूब नष्ट करा. म्हणजे ती सावली सरकारी तक्त्यातही जाऊन बसली होती!

पण तक्ता वापरायचा तर डब्यात कुठली मेमरी कुठे आहे हे आधी कळायला हवं, आणि ते फक्त बनवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून कंपन्या प्रत्येक मॉडेलसाठी एक कागद देऊ लागल्या, ‘स्टेटमेंट ऑफ व्होलॅटिलिटी’. कुठली चिप, केवढी, तिच्यात काय राहतं, वीज गेल्यावर टिकतं का, पुसायचं कसं. दिसायला अगदी रटाळ. पण सुरक्षित पुसणं मला विचाराल तर ते या कागदामुळे शक्य झालं, पुसणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे नाही.

पुढे स्कोपमध्ये विंडोज आणि हार्ड डिस्क आली, तेव्हा पुसण्याविषयीच्या दंतकथाही आल्या. न्यूझीलंडच्या पीटर गटमन यांनी १९९६ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यातून लोकांनी आकडा उचलला: ३५ वेळा ओव्हरराइट! खरं तर ती यादी वेगवेगळ्या जुन्या डिस्कप्रकारांसाठी एकत्र केलेली होती, एकाच डिस्कला सगळे ३५ फेरे कधीच लागणार नव्हते. लोक याचा मंत्रतंत्रासारखा वापर करतायत, असं पुढे स्वतः गटमन यांनीच लिहिलं.

फ्लॅश मेमरीने तर ओव्हरराइटचा पायाच काढून घेतला. तुमच्या फोनमध्येही हीच आहे. फ्लॅशमध्ये नवी माहिती जुनीच्या जागी लिहिली जात नाही, दुसऱ्या रिकाम्या जागी जाते, आणि जुनी प्रत कुठेतरी पडून राहते. २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही एसएसडी तपासल्या. एकीने तर ‘पुसलं’ असं सांगितलं, आणि आत सगळी माहिती जशीच्या तशी! म्हणून आताच्या फोनमध्ये माहिती आधीपासून कुलूपबंद असते आणि रीसेट करताना किल्ली नष्ट केली जाते. लष्करी कामाच्या स्कोपला मात्र काढता येणारी डिस्क लावतात. यंत्र बाहेर पडताना डिस्क आतच ठेवायची. सेकंडहँड बाजारात ‘हार्ड डिस्क नाही’ अशी पाटी असलेला स्कोप दिसला, तर त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

हे केलं नाही तर काय होतं? २०२२ साली जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या संशोधकांनी ईबेवरून बोटांचे ठसे आणि डोळ्यांतली बुबुळं टिपणारं एक अमेरिकी लष्करी यंत्र घेतलं, ६८ डॉलरला. त्याच्या मेमरी कार्डावर २,६३२ माणसं होती: नावं, फोटो, ठसे, बुबुळं. बहुतेक अफगाणिस्तान आणि इराकमधली. काही वाँटेड होती, तर काही अमेरिकनांसाठी काम केलेली किंवा नुसती नाक्यावर अडवलेली दिसत होती. तालिबान तोपर्यंत सत्तेवर परत आलं होतं, तेव्हा अशी यादी कुणाच्या हाती पडली असती तर काय, याचा अंदाज करा. आणि ठसे काही पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. हे यंत्र शेवटचं वापरलं होतं २०१२च्या उन्हाळ्यात, कंदाहारजवळ. त्यानंतरच्या दहा वर्षांत ते कार्ड कुणीही पुसलं नव्हतं. अभ्यास संपल्यावर आपण ते पुसू, असं अखेर त्या जर्मन संशोधकांनीच सांगितलं.