अक्षरांच्या जागा



आपल्या शहरात इतिहास म्हटला की मलिक अंबरची नहर आणि देवगिरीचा किल्ला डोळ्यांसमोर उभा राहतो. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, तो टेबलावर मावणारा आहे. यंत्रावर कोणते अक्षर कोठे असावे, म्हणजेच कळफलकाचा तो इतिहास होय. मी काही पंडित नव्हे. कामगार संघटनेची पत्रके टंकित करता करता जे वाचले व पाहिले, तेवढेच सांगतो.

1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. 1960 साली महाराष्ट्र झाला, 1964 साली राजभाषेचा कायदा झाला आणि मराठी टंकलेखकाला कचेरीत मान आला. त्याआधीच, 1955 साली, गोदरेजने देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र काढले होते.

यंत्र मात्र मुळात रोमन लिपीचे. अमेरिकेत शोल्स याने ते रचले व 1874 च्या सुमारास रेमिंग्टनने विक्रीस आणले. त्याच्या मोजक्या कळांवर आपली बाराखडी व जोडाक्षरे बसवावयाची होती. म्हणून युक्ती काढली: काही ठिकाणी अर्धे अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर. ‘कि’ लिहावयाचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. बोलण्याचा क्रम निराळा, बोटांचा निराळा! तरीही मुलामुलींनी टायपिंगच्या क्लासात महिनोन्‌महिने घालवून ही विद्या हस्तगत केली. मिनिटाला मराठी तीस शब्द, ही कित्येक घरांत पहिल्या पगाराची किल्ली होती.

पुढे संगणक आला. 1986 साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरविला आणि 1991 साली त्याला भारतीय मानकात स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. आधी ‘क’, नंतर वेलांटी. शिवाय बंगाली, तेलुगू, कानडी यांनाही हीच मांडणी. ही रचना शास्त्रशुद्ध आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु नव्वदीच्या अखेरीस एका कचेरीतील टंकलेखिका आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, वीस वर्षे मी कळांकडे न पाहता लिहिले. आता पहिलीतल्या पोरीसारखी अक्षरे शोधते, आणि साहेब म्हणतात, बाई, तुमचा वेग गेला.”

येथे यंत्रातील भेद समजून घेतला पाहिजे. जुन्या यंत्रात अक्षर लोखंडी दांड्याच्या टोकाला कोरलेले असे. जागा बदलावयाची तर यंत्रच उघडावे लागे. संगणकाची कळ केवळ एक खूण आत पाठविते. त्या खुणेचे कोणते अक्षर करावयाचे, हे आतील तक्ता ठरवितो. तक्ता बदलला की कळफलक बदलला. एकाच संगणकात दोन-तीन तक्ते सुखाने नांदतात आणि क्षणात एकावरून दुसऱ्यावर जाता येते.

हे कळल्यावर आम्ही दोन मागण्या केल्या: जुन्या माणसांना जुनी मांडणी मिळावी, आणि नवी शिकावयाची तर ती कामाच्या वेळात. पहिली मान्य झाली, कारण तिला खर्च नव्हता. दुसरी झाली नाही. बाई घरचे आटोपून, रात्री कागदावर काढलेल्या कळांवर बोटे फिरवून शिकल्या. त्या तासांचा मोबदला त्यांना कोणी दिला नाही.

अमेरिकेत ड्वोरॅक याने 1936 साली निराळ्या मांडणीचे पेटंट घेतले. जुनी मांडणी तरी हटली नाही. त्यास लोकांचा हट्ट म्हणतात. मी म्हणतो, बोटांतील सराव हे श्रमिकाचे भांडवल आहे. गिरणीचा माग बदलला तर मालक यंत्राचा घसारा हिशेबात धरतो; बोटांचा घसारा कोणत्या वहीत लिहितात?

आज पोरे रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवितात. उद्या बोलूनच लिहितील. सुधारणा जरूर यावी. मात्र तिचे शिकणे ज्याच्या माथी येते, त्याला वेळ आणि वेतन देण्याची व्यवस्थाही तिच्याबरोबरच यावी, एवढेच माझे मागणे आहे.