साखरेचा दाणा आणि दाबविद्युत

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखर कारखान्यामुळे नावारूपास आले. देशी साखरउद्योगाला संरक्षण देणारा कायदा 1932 साली झाला, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस पिकू लागला आणि चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. साखर कारखान्यात निर्वात पॅनमध्ये पाक आटत असताना पॅनमन त्याचा नमुना काचेवर पसरून उजेडासमोर धरतो आणि दाणा कितपत भरला ते पाहतो. या दाण्याचे पदार्थविज्ञानाच्या इतिहासातील स्थान साखरेच्या गावांनी अभिमानाने सांगावे असे आहे.

झाक व पिएर क्युरी या बंधूंनी 1880 साली पॅरिसमध्ये असे दाखवून दिले की काही स्फटिक दाबले असता त्यांच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर परस्परविरुद्ध विद्युतभार प्रकटतो. या गुणधर्माला दाबविद्युत म्हणतात, आणि त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत क्वार्ट्झ व तुरमलीन यांच्याबरोबर उसाची साखरही होती. साखरेच्या स्फटिकातील रेणूंच्या रचनेला सममितीचे केंद्र नसते, त्यामुळे दाबाने ती रचना किंचित सरकली की धन आणि ऋण भारांचा तोल ढळतो.

पाण्यात विरघळणाऱ्या साखरेला पुढे उपकरणांत जागा मिळाली नाही. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी क्वार्ट्झचे तुकडे पोलादी पत्र्यांमध्ये बसवले, आणि 1950 च्या दशकात शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भाजून केलेली, क्वार्ट्झहून कितीतरी अधिक संवेदनक्षम सिरॅमिके आली.

बांधकामाच्या पोटात काय चालले आहे हे कळण्याची निकड महाराष्ट्राला 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने पटवली, कारण त्या धक्क्याने कोयना धरणाच्या काँक्रीटला आडव्या भेगा गेल्या. पुढे या सिरॅमिकांच्या पातळ चकत्या ओल्या काँक्रीटमध्येच पुरून ठेवण्याचे तंत्र विकसित झाले. एक चकती विजेच्या स्पंदाने थरथरवली जाते, दुसरी ती लहर टिपते आणि मधल्या भागात भेग पडली तर लहर क्षीण होते. या चकत्या ठिसूळ असून ओलीने त्यांतील विद्युतजोडणी बिघडते, म्हणून त्यांना आधी जलरोधक लेप देऊन सिमेंटच्या लहान ठोकळ्यात बसवावे लागते. साखरेला तर येथे दुहेरी मज्जाव आहे, कारण ती स्वतः विरघळतेच, शिवाय अल्प प्रमाणात मिसळली तरी सिमेंटचे घट्ट होणे लांबवते.