तीन लाल दिवे आणि हमीचा कागद

१८९३ हे साल आपणा सर्वांना ठाऊक असते ते लोकमान्यांच्या सार्वजनिक गणेशोत्सवामुळे. त्याच सालाच्या नावाने इंग्लंडातला एक कायदा ओळखला जातो, माल-विक्रीचा कायदा. बाजाराचा जुना नियम असा होता की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. घरी नेल्यावर वस्तू बिघडली तर ते त्याचे नशीब. तिथल्या न्यायालयांनी हा नियम हळूहळू सैल केला होता आणि या कायद्याने ते कलमांत बांधून टाकले. जो दुकानदार एखाद्या प्रकारच्या मालाचा व्यापार करतो, त्याने विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. तसे वेगळे लिहून दिले नसले तरी ते गृहीत धरले जाईल. त्याच धर्तीवर भारतात १९३० साली माल-विक्री अधिनियम आला. त्याच्या कलम १६ मध्ये हे तत्त्व आहे आणि तो कायदा आजही लागू आहे.

म्हणजे वस्तूबरोबर कंपनी जो हमीचा कागद देते, त्याच्या आधीपासून आणि त्याच्याशिवायही विकणाऱ्यावर काही जबाबदारी असते. आपल्या घराघरांत नेमके हेच विसरले गेले आहे. ते सांगण्यासाठी आम्ही जरा वेगळे उदाहरण निवडले आहे, टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचे, ज्याला नातवंडे कन्सोल म्हणतात. ज्येष्ठ वाचकांनी नाक मुरडू नये. हे खेळणे असले तरी त्याची किंमत चांगल्या फ्रिजएवढी असते आणि पुष्कळ घरांत ते हप्त्यांवर येते.

आमच्या शेजारच्या एका घरात ते असेच आले. मुलाला दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून वडिलांनी कबूल केले होते. चौदाव्या महिन्यात यंत्र बंद पडले. हप्ते मात्र अजून चालू होते. दुरुस्ती केंद्राने सांगितले, वर्ष संपले, हमी संपली. बिल शोधले तर सापडले, पण त्यावरची अक्षरे उडून गेली होती, कारण दुकानातल्या यंत्रातून निघणारे ते चकचकीत कागद उष्णतेने छापले जातात आणि वर्षभरात फिके पडतात. हातात राहिला कोरा कागद. यंत्र कपाटावर गेले आणि घरात सगळे म्हणाले, जाऊ द्या. या ‘जाऊ द्या’चाच इतिहास पाहायचा आहे, कारण जगात काही लोकांनी तसे म्हटले नाही.

या यंत्रांच्या इतिहासात सदोष माल ही नवी गोष्ट नाही. जपानच्या निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिली कॉम्प्युटर हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा सुरुवातीची यंत्रे एका सदोष चिपमुळे मध्येच अडकत. कंपनीने ती परत मागवली आणि आतला मुख्य बोर्ड बदलून पुन्हा विकायला काढली. तेच यंत्र पुढे जगभर गाजले. चूक लवकर कबूल केल्याने कंपनी बुडत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तरी खरी मोठी कहाणी आहे ती मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ची. हे यंत्र २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीला आले. पुढच्या बाजूला चालू करायचे बटण आणि त्याभोवती चार भागांचे दिव्यांचे कडे. सगळे ठीक असले की दिवा हिरवा. थोड्याच दिवसांत लोकांना दुसरेच दृश्य दिसू लागले. चारांपैकी तीन भाग लाल होऊन उघडझाप करत आणि यंत्र कायमचे गप्प होई. खेळणाऱ्यांनी त्याला ‘मृत्यूचे लाल कडे’ असे नाव ठेवले.

आमचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणून कारण थोडे उलगडून सांगतो. चित्र तयार करणारी मोठी चिप काम करताना चांगलीच तापते आणि यंत्र बंद केले की थंड होते. तापली की प्रसरण, निवली की आकुंचन, आणि चिप व तिच्या खालचा आधार सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. त्यामुळे दोघांमधल्या बारीक जोडांवर रोज ताण येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसे ते जोड तडकत. कंपनीच्या लोकांनी हे कारण २०२१ च्या एका माहितीपटात उघडपणे सांगितले. त्या काळी मात्र ग्राहकाला एवढेच कळत होते की यंत्र मेले. काही जण ते टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवत. मग ते घटकाभर चाले आणि पुन्हा बंद पडे. हा उपाय धोक्याचाच होता.

सुरुवातीला अमेरिकेत या यंत्राची हमी होती फक्त ९० दिवसांची. त्यानंतर दुरुस्तीचे पैसे ग्राहकाचे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शंभरातली तीन ते पाच बिघडायचीच, असे कंपनीचे म्हणणे होते. पण तक्रारी थांबेनात. लोक दूरध्वनी करत राहिले, वर्तमानपत्रे लिहीत राहिली, दुकानदार हैराण झाले. मग पावले पडू लागली ती कशी पाहा. सप्टेंबर २००६ मध्ये कंपनीने जाहीर केले की १ जानेवारी २००६ पूर्वी बनलेली यंत्रे फुकट दुरुस्त होतील आणि ज्यांनी आधी पैसे भरले त्यांना ते परत मिळतील. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेतली हमी ९० दिवसांवरून एक वर्षावर गेली. ५ जुलै २००७ रोजी तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी जगभर खरेदीपासून तीन वर्षांची हमी देण्यात आली आणि या दुरुस्तीसाठी भरलेले पैसे परत करण्याचे ठरले. एप्रिल २००९ मध्ये ‘ई ७४’ या खुणेचा बिघाडही त्याच तीन वर्षांत घेतला गेला.

जुलै २००७ च्या निर्णयासाठी कंपनीने हिशेबात १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. त्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख पीटर मूर यांनी पुढे मुलाखतीत सांगितले की त्यातले सुमारे २४ कोटी डॉलर केवळ यंत्रे कुरिअरने नेण्या-आणण्याचे होते. ग्राहकाच्या दारात रिकामे खोके पाठवायचे, त्यात घालून यंत्र न्यायचे आणि दुरुस्त करून परत पोहोचवायचे. खेळणारी पोरे त्या खोक्याला शवपेटी म्हणत! २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या विमा-हमी देणाऱ्या कंपनीने १६ हजारांवर कन्सोलच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० बिघडण्याचे प्रमाण २३.७ टक्के निघाले. सुरुवातीचे तीन ते पाच टक्के कुठे आणि हे कुठे!

यातली आमच्या मते महत्त्वाची गोष्ट अशी. २००५ मध्ये विकलेले यंत्र आणि त्यातला दोष २००७ मध्येही तोच होता. ९० दिवसांची हमी तीन वर्षांची झाली ती तारीख घालून नोंदवलेल्या तक्रारींमुळे. आणि आपल्याशी नाते असे की हे यंत्र सप्टेंबर २००६ मध्ये भारतातही विकायला आले होते. तीन वर्षांची वाढीव हमी जगभरासाठी असल्याने भारतातल्या ग्राहकालाही ती मिळाली. अमेरिकेतल्या कुणा अनोळखी माणसाने ‘जाऊ द्या’ म्हटले नाही, म्हणून इथल्या पोराचे यंत्र दुरुस्त झाले.

प्रत्येक वेळी ग्राहक जिंकतो असे मात्र नाही. त्याच यंत्राची दुसरी तक्रार होती की ते जागेवरून हलले किंवा थरथरले तर आतली फिरती डिस्क ओरखडते आणि खेळ कायमचा वाया जातो. कंपनीचे उत्तर होते की अशी तक्रार करणारे अवघे ०.४ टक्के आहेत आणि दोष त्यांच्या हाताळणीचा आहे. हा दावा वर्षानुवर्षे चालला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांच्या विरुद्ध निकाल दिला, तोही अपील कोणत्या टप्प्यावर करता येते या मुद्द्यावर. डिस्क का ओरखडते हा प्रश्न तिथे सुटलाच नाही. तक्रार किती जणांनी नोंदवली आणि कार्यपद्धती नीट पाळली का, यावर पुष्कळ काही ठरते. सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्याला याचे नवल वाटत नाही. आवक नोंदवहीत क्रमांक पडला नाही तर अर्ज आलाच नाही असे समजतात.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. यंत्राच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते, ‘ही फाटली तर हमी रद्द’. आपण त्या पट्टीला देवाच्या प्रसादासारखे जपतो. अमेरिकेत १९७५ पासून हमीविषयीचा कायदा आहे. त्यानुसार, आमचेच सुटे भाग आणि आमचीच दुरुस्ती वापरा नाहीतर हमी रद्द, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. घालायची तर ते भाग आणि ती दुरुस्ती फुकट द्यावी लागते. २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठवली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या कन्सोलच्या तिन्ही मोठ्या कंपन्या होत्या. छापील मजकूर आणि कायदा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यावरून दिसते.

आता आपल्याकडे वळू. भारतातल्या ग्राहक चळवळीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली; म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मंडळींना हे ठाऊक हवे, कारण हा केंद्राचा कायदा आहे. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, हक्क तेच.

हा कायदा ‘दोष’ कशाला म्हणतो? कायद्याने, उघड किंवा गृहीत कराराने, अथवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जो दर्जा असायला हवा, त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. ‘गृहीत’ हा शब्द आला की १८९३ चे ते तत्त्व आपल्या दारात येऊन उभे राहते. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. माल दुसऱ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवला असला तरी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, हेही त्यातच मोडते.

याचा अर्थ हमी संपल्यावर कोणतेही यंत्र फुकट दुरुस्त होते असा मात्र नाही. दोष मुळातला आहे, वापरण्याने किंवा विजेच्या झटक्याने आलेला नाही, हे दाखवावे लागते. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. अमेरिकेहून मुलाने बॅगेतून आणलेल्या यंत्राची हमी बहुधा तिथल्यापुरतीच असते, आणि जुन्या कन्सोलचा तिकडचा वीज-जोड आपल्या २३० व्होल्टला चालत नाही. तिथे मूळ दोषाचा मुद्दा उचलणे कठीण.

म्हणून करायचे ते साधे आहे. बिल हाती येताच त्याची छायाप्रत काढावी किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे अक्षरे उडाली तरी पुरावा उरतो. यंत्राचा क्रमांक वहीत लिहावा. बिघाड दिसला त्याच दिवशी दिव्याचा, पडद्याचा फोटो काढावा. दुरुस्ती केंद्रात तोंडी बोलून परत न येता तक्रारीचा क्रमांक असलेली पावती मागावी. नकार मिळाला तर तो लेखी मागावा, ई-मेलही चालतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर आयोग आहेच.

शेवटी मंडळाला एक विनंती. घरातला देव लोकमान्यांनी चौकात आणला, तो एकट्याचे बळ सर्वांचे व्हावे म्हणून. कपाटावर पडलेल्या वस्तूंची तक्रारही घरात कुढत राहू नये. उत्सवानंतरच्या एखाद्या रविवारी मंडळाच्या खोलीत दोन टेबले मांडू. ज्यांना जमते त्यांनी अर्ज लिहून द्यावेत, ज्यांना गरज आहे त्यांनी बिले घेऊन यावे. शेजारच्या त्या मुलाचे वडील पहिले येतील, असे त्यांनी आम्हाला सांगितले आहे. त्यांनी हप्ते बँकेमार्फत भरले होते, त्यामुळे कर्जाच्या कागदांत दुकानाचे नाव, तारीख आणि रक्कम सापडली आहे.