देवमासा-शिकारविरोधी सागरी आंदोलन

देवमाशांच्या यांत्रिक शिकारीस विरोध करण्यासाठी, शिकारी नौका व देवमासा यांच्या मध्ये लहान नौकेतून शिरून, कार्यकर्त्यांनी भर समुद्रात चालविलेले आंदोलन. त्याचा प्रारंभ १९७५ मध्ये उत्तर पॅसिफिक महासागरात झाला. निसर्गसंरक्षणाच्या इतिहासात त्याला दोन कारणांनी महत्त्व आहे : मानवेतर प्राण्यासाठी माणसाने आपला जीव धोक्यात घालावा, हा विचार त्याने जगापुढे ठेवला, तसेच कोणत्याही राष्ट्राच्या हद्दीबाहेर, दृष्टिआड चाललेल्या व्यवसायास त्याने साक्षीदार मिळवून दिले.

पार्श्वभूमी : देवमाशांची शिकार अनेक शतकांपासून चालत आली असली, तरी तिला संहाराचे स्वरूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नॉर्वेचा स्वेन फॉइन (१८०९–९४) याने स्फोटक टोकाचा हार्पून (दोर बांधलेला भाला) तोफेतून डागण्याची पद्धत यशस्वी केली. वाफेच्या वेगवान नौकांची तिला जोड मिळाल्यामुळे, पूर्वी हाती न लागणारे निळे व फिन देवमासेही माणसाच्या आटोक्यात आले. १९२५ च्या सुमारास पिछाडीस उतरता मार्ग असलेली कारखाना-जहाजे प्रचारात आली. मारलेला प्राणी त्यावरून ओढून घेऊन समुद्रातच त्याचे तेल काढता येऊ लागले व किनाऱ्यावरील तळाची गरज उरली नाही. विसाव्या शतकात जगभर सु. २९ लक्ष देवमासे मारले गेले. दक्षिण गोलार्धातील निळ्या देवमाशांची संख्या मूळच्या सु. २,३९,००० वरून १९७३ पर्यंत काही शेकड्यांवर आली.

या व्यवसायाच्या नियमनासाठी १९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व त्यानुसार आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोग स्थापन झाला. आयोगाची रचना मात्र मुळातच दुबळी होती. शिकारीची मर्यादा जातिवार न ठरविता 'निळा देवमासा एकक' या हिशेबाने ठरविली जाई. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई देवमासे, असे हे कोष्टक होते. त्यामुळे एक जात विरळ होताच नौका दुसऱ्या जातीकडे वळत. नापसंत निर्णयाविरुद्ध मुदतीत आक्षेप नोंदविणाऱ्या राष्ट्रावर तो निर्णय बंधनकारक नसे. जहाजावरील तपासनीस त्याच राष्ट्राचे असत व शिकारीचे आकडेही तेच राष्ट्र कळवी.

या व्यवस्थेत काय घडू शकत होते, हे सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर उघड झाले. १९४७ ते १९७२ या काळात सोव्हिएट ताफ्यांनी दक्षिण गोलार्धात ४८,००० हून अधिक हंपबॅक देवमासे मारले होते. आयोगास मात्र केवळ २,७१० कळविले होते. दक्षिण गोलार्धात या जातीस १९६३ पासून पूर्ण संरक्षण होते, तरीही ही शिकार चालू राहिली. कागदावरचा कायदा समुद्रावर पाहणाऱ्या डोळ्यांवाचून निष्फळ ठरतो, हा या इतिहासाचा मुख्य धडा होय.

प्रारंभ : १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेने व्यापारी शिकार दहा वर्षे थांबविण्याची शिफारस केली, आयोगाने ती फेटाळली. याच सुमारास कॅनडातील व्हँकूव्हर येथे ग्रीनपीस ही संघटना उदयास आली होती. १९७१ मध्ये अलास्काजवळील अम्चित्का बेटावरील अमेरिकन अणुचाचणीस विरोध करण्यासाठी तिचे कार्यकर्ते फिलिस कॉर्मॅक या जुन्या मासेमारी नौकेतून निघाले होते. अन्यायाच्या जागी उपस्थित राहून साक्ष देण्याची क्वेकर पंथाची परंपरा आणि महात्मा गांधींचा अहिंसक प्रतिकार यांचा या संघटनेच्या विचारांवर प्रभाव होता.

देवमाशांच्या प्रश्नाकडे तिला वळविले ते मूळचा न्यूझीलंडचा मेंदूशास्त्रज्ञ पॉल स्पाँग याने. व्हँकूव्हरच्या मत्स्यालयातील स्काना या किलर व्हेल मादीचा अभ्यास करताना आपणच तिच्या अभ्यासाचा विषय झालो आहोत, असे त्यास वाटू लागले होते. पत्रकार रॉबर्ट हंटर (१९४१–२००५) याच्या साह्याने मोहीम आखण्यात आली. अथांग महासागरात ताफा शोधणे हीच पहिली अडचण होती. स्पाँगने नॉर्वेतील सँडेफ्यॉर येथील शिकारविषयक आकडेवारीच्या कार्यालयात जाऊन सोव्हिएट ताफ्यांच्या पूर्वीच्या मार्गांच्या नोंदी मिळविल्या.

२७ जून १९७५ रोजी कॅलिफोर्नियाच्या पश्चिमेस दाल्नी वस्तोक हे कारखाना-जहाज व त्याच्या शिकारी नौका कार्यकर्त्यांना आढळल्या. हंटर व पॉल वॉटसन हे हवा भरलेल्या रबरी नौकेतून स्पर्म देवमाशांचा कळप व शिकारी नौका यांच्या मध्ये शिरले. तोफ चालविणारा माणूस समोर असताना बार करणार नाही, अशी त्यांची अटकळ होती. ती चुकीची ठरली. हार्पून त्यांच्या डोक्यांवरून जाऊन देवमाशास लागला व त्यामागचा पोलादी दोर नौकेच्या अगदी जवळ पाण्यावर आपटला. देवमासा वाचला नाही. तथापि दुसऱ्या नौकेतून या प्रसंगाचे चित्रीकरण झाले होते. ते अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर दाखविले गेले आणि तोवर आकडेवारीपुरती असलेली शिकार लक्षावधी लोकांनी प्रत्यक्ष पाहिली.

विस्तार : १९७७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी येथील शिकार-तळाविरुद्ध याच पद्धतीने मोहीम झाली. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियन शासनाने सर सिडनी फ्रॉस्ट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. चौकशीचा अहवाल येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९७८ मध्ये, तळ बंद पडला. इंधनाची वाढती किंमत व तेलाची घटती मागणी ही त्याची मुख्य कारणे होती. त्यामुळे हा केवळ आंदोलनाचा विजय म्हणता येत नाही. तळावर पोट असलेल्या कामगारांचा रोजगार गेला, हीही या घटनेची एक बाजू होय. १९७९ मध्ये शासनाने शिकारबंदीचे धोरण स्वीकारले.

१९७८ पासून ग्रीनपीसच्या रेनबो वॉरियर या जहाजाने आइसलँडच्या शिकारी नौकांचा पाठलाग केला. १९८० मध्ये स्पेनने ते जप्त करून एल फेरोल येथे ठेवले आणि यंत्रातील एक महत्त्वाचा भाग काढून घेतला. कार्यकर्त्यांनी पर्यायी भाग बसवून नोव्हेंबरमध्ये तेथून पलायन केले. १९८३ मध्ये सायबीरियातील लोरिनो येथे उतरलेल्या सात कार्यकर्त्यांना सोव्हिएट अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले व काही दिवसांनी सोडले. स्थानिक रहिवाशांच्या उपजीविकेसाठी म्हणून मारलेल्या करड्या देवमाशांचे मांस मिंक या लोकरदार प्राण्यांच्या पैदाशीसाठी वापरले जाते, हे दाखविणे हा त्यांचा हेतू होता.

मतभेद : प्रतिकाराची मर्यादा कोणती, यावरून आंदोलनात लवकरच फूट पडली. १९७७ मध्ये सीलच्या शिकारीविरुद्धच्या मोहिमेत वॉटसनने शिकाऱ्याचा सोटा समुद्रात फेकून दिला. परमालमत्तेस हात लावणे हा अहिंसेचा भंग होय, असे मानून संघटनेने त्यास संचालक मंडळातून दूर केले. त्याने स्थापन केलेल्या सी शेफर्ड या संघटनेने जुलै १९७९ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ सिएरा या बेकायदा शिकारी जहाजास धडक दिली. १९८६ मध्ये तिच्या कार्यकर्त्यांनी रेक्याव्हीक बंदरात दोन रिकाम्या शिकारी नौका बुडविल्या. मनुष्यास इजा न करता साधन नष्ट करणे ही हिंसा नव्हे, असा या पक्षाचा युक्तिवाद होता. समुद्रातील टकरीत कोणाचा जीव जाणार नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि अशा कृत्यांमुळे जनमत शिकाऱ्यांच्या बाजूस झुकते, असे विरोधकांचे म्हणणे होते. आधीच्या पद्धतीत कार्यकर्ता केवळ स्वतःचा जीव पणास लावी. या पद्धतीत प्रतिपक्षाचाही धोक्यात येई, हा दोहोंतील मूलभूत भेद होय.

स्थगिती व नंतरचा काळ : १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. २३ जुलै १९८२ रोजी आयोगाने २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव संमत केला. पाच राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. १९८५-८६ च्या हंगामापासून तो अंमलात आला. नॉर्वेने आपला आक्षेप कायम ठेवून १९९३ मध्ये शिकार पुन्हा सुरू केली, तर जपानने शास्त्रीय संशोधनासाठी असलेल्या सवलतीखाली १९८७ पासून अंटार्क्टिक समुद्रात ती चालू ठेवली.

तेथे २००५ नंतर सी शेफर्डची जहाजे दरवर्षी जपानी ताफ्याचा पाठलाग करू लागली. ६ जानेवारी २०१० रोजी झालेल्या टकरीत तिची ॲडी गिल ही वेगवान नौका निकामी होऊन बुडाली. पुढील हंगामात जपानने मोहीम मुदतीपूर्वी आवरती घेतली. त्या वेळी ८५० च्या उद्दिष्टापैकी १७० मिंकी व दोन फिन देवमासेच मारले गेले होते. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २०१३ मध्ये या कृत्यांना चाचेगिरी ठरविले. उलटपक्षी ऑस्ट्रेलियाने दाखल केलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३१ मार्च २०१४ रोजी, जपानचा हा कार्यक्रम संशोधनाच्या सवलतीत बसत नाही, असा निर्णय दिला. २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला. त्याने अंटार्क्टिक समुद्रातील शिकार थांबवून स्वतःच्या आर्थिक क्षेत्रात व्यापारी शिकार सुरू केली. २०१० च्या घटनांसंबंधीच्या जपानी वॉरंटावरून वॉटसनला जुलै २०२४ मध्ये ग्रीनलंडमध्ये अटक झाली. डेन्मार्कने त्यास जपानच्या स्वाधीन करण्याचे नाकारून डिसेंबरमध्ये मुक्त केले.

मूल्यमापन : रबरी नौकांनी प्रत्यक्ष वाचविलेले देवमासे थोडेच होते. शिकार कमी होण्यास देवमाशांची दुर्मिळता, तेलाला मिळालेले पर्याय, शास्त्रज्ञांचे इशारे व राष्ट्रांची मुत्सद्देगिरी हीही कारणे होत. नैर्ऋत्य अटलांटिकमधील हंपबॅक देवमाशांची संख्या १९५० नंतरच्या दशकातील सु. ४५० वरून सु. २५,००० पर्यंत वाढली, याचे श्रेय कोणत्याही एका घटकास देता येत नाही. तथापि ज्या कराराच्या अंमलबजावणीवर शिकारी राष्ट्रांखेरीज कोणाचीच नजर नव्हती, त्यास या आंदोलनाने जगाच्या लोकमताची नजर दिली. हार्पूनच्या माऱ्यात उभ्या राहिलेल्या निःशस्त्र माणसांनी दिलेली साक्ष हेच त्याचे सर्वांत टिकाऊ कार्य होय.